हनोखबाबांचा समास

“बिर्ड्याच्या सणाआधी लग्न? जमणार नाही,” ओवेदमामा म्हणाले आणि तिसरी करंजी उचलली.

करंज्या अबीने केल्या होत्या आणि लग्नही तिचंच होतं. ओवेदमामा हे तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, एलानचे मामा. तीस वर्षं इस्रायलमध्ये राहिलेले, तिथे धर्मशास्त्र शिकलेले. सध्या दिंडोशीला बहिणीकडे उतरले होते. त्यांनी नाही म्हटलं की त्या घरात पुढे कुणी बोलत नसे.

तसं ते चुकीचंही बोलत नव्हते. बिर्ड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास. उपास सोडताना वालाचं बिरडं खायचं. त्याआधीचे तीन आठवडे शोकाचे, त्यात लग्न लावत नाहीत.

“मामा, एलानची बोट महिनाअखेरीस सुटते ना,” अबी म्हणाली. “मग तो थेट पुढच्या वर्षी येणार.”

“मग पुढच्या वर्षी करा. लग्न काय पळून जातंय?”

लग्न पळत नव्हतं, पण अबीचे आजोबा ब्याऐंशीचे होते आणि त्यांना दोन झटके येऊन गेले होते. तिला लग्न नानांच्या डोळ्यांदेखत हवं होतं, बस्स.

“ग्रंथ काढू या,” नाना म्हणाले.

अबीचा जीव भांड्यात पडला. ग्रंथ निघाला की काम होतं, हे अंधेरी ते मुलुंड सगळ्या बेने इस्रायलांना ठाऊक होतं. ॲम्स्टरडॅमला छापलेला, कोचीनमार्गे अलिबागला पोचलेला जुना ज्यू धर्मकायदा. मधे छापील मजकूर आणि भोवतीच्या समासात नानांच्या आजोबांची, हनोखबाबांची, बारीक हिब्रू टिपणं. कुणाला काही अडलं की नाना ती वाचून दाखवत. हात मात्र कुणालाच लावू देत नसत. शाई उडते म्हणे.

हनोखबाबा फार समजूतदार माणूस. फ्लोराआत्याला डायबेटिस, उपासाला गोळी चालेल का? बाबांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, चालेल, आणि सोबत बिस्किटही चालेल. ते कडाडले फक्त एकदा, बायकोला घराबाहेर काढणाऱ्या एका इसमावर.

नानांनी मखमलीतून ग्रंथ सोडवला आणि छातीशी धरून पान शोधलं. चष्मा कपाळावरच राहिला होता.

“‘शोकात लग्न नको हे खरं,’” ते वाचू लागले. “‘पण मुलगा दर्यावर जाणार असेल तर थांबू नये. दर्या कुणाचा शब्द पाळत नाही.’”

ओवेदमामांनी हात पुसले.

“बघू.”

“अहो, शाई उडते...”

“नाना, मला हिब्रू येतं. द्या इकडे.”

नानांचा चेहरा उतरला. अबीला वाटलं, आता तिसरा झटका येतोय. मामांनी ग्रंथ घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि समासावरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. एकदा नानांकडे पाहिलं, एकदा अबीकडे.

“तुम्ही अर्धंच वाचलंत,” ते म्हणाले. “खाली आणखी एक ओळ आहे. ‘मात्र बँड नको, आणि मुलाच्या मामाला पुढच्या रांगेत बसवावं.’”

नानांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं.

“हो,” ते हळूच म्हणाले. “ती राहिलीच वाचायची.”

“काय बारीक अक्षर हो तुमच्या आजोबांचं!” मामा म्हणाले, ग्रंथाला ओठ लावून तो टेबलावर ठेवला आणि चौथी करंजी घेतली. “चला, तारीख पक्की.”

नाना त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. आज ते इतके खुशीत होते की ग्रंथ कपाटात ठेवायचंही विसरले.

अबीला हिब्रूचं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्या अक्षरांनी आपलं लग्न लावलं, त्यांना एकदा डोळे भरून बघावं असं तिला फार वाटलं. हात धुऊन, पदराला पुसून तिने ते पान उघडलं. मग मागचं, मग पुढचं, मग सगळा ग्रंथ चाळला.

एकाही समासात शाईचा टिपका नव्हता.