आधी कोण?

धरणात बुडालेल्या गावावर दादाने माहितीपट केला होता, संकलन माझ्याकडे होतं. जुना कॉम्प्युटर सकाळपासून कुरकुरत होता, म्हणून फुटेजचे माणसागणिक लावलेले फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर पाठवायला घेतले. मध्येच जुन्याची हार्डडिस्क टकटक वाजू लागली. "आता ही तग धरणार नाही," मी म्हणाले. "एखादाच फोल्डर वाचेल." "मंत्रिसाहेबांच्या मुलाखतीचा घे," दादा म्हणाला. "त्यांच्याशिवाय कोणी विचारणार नाही आपल्याला." मी सर्वांत शेवटी गाव सोडलेल्या आजीचा फोल्डर ओढला. "वेड लागलंय का?" "साहेब पुन्हा बोलतील. आजी गेल्या महिन्यात वारली." टकटक वाढली. कॉपीची हिरवी पट्टी भरली आणि जुन्याचा पडदा काळा पडला. नव्यावर मी क्लिप लावली. आजी उजेडाने डोळे किलकिले करत म्हणाली, "पोरा, तो दिवा जरा बाजूला घे." दादाचा हात आपसूक टेबलावरच्या दिव्याकडे गेला.