घरचा उंट

ज्योतीनं राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं नेलं, तसं रत्नपालनं राजापुढचं काळं प्यादं उचललं आणि एकच घर पुढं ठेवलं.

"दुसरी चाल शिकलाच न्हाईस का रे?" ज्योती म्हणाली.

"आबाची हीच होती, ताई. मोडायची कशाला?"

पट वडिलांनी, आबांनी स्वतः शिवलेला. ट्रकच्या सीटांचं रेक्झिन कापून, लाल-काळे तुकडे जोडून. वारंगा फाट्यावरच्या या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो शिलाई मशीनवरच अंथरला जायचा. आबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सकाळी झाला, दुपारी पाहुणे पांगले. पुण्याला परतायची ज्योतीची बॅग दाराशी होती.

तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं नेलं. त्यानंही आपलं नेलं. आता पटाच्या मध्यावर एक पांढरं आणि एक काळं प्यादं एकमेकांच्या मारात उभी होती.

"रेट पुढं," रत्नपाल म्हणाला. "दरवेळी रेटतीस. मग मी बसतो कोंडून."

पुस्तकात याला फ्रेंच बचाव म्हणतात. आबा 'आपला बचाव' म्हणत. भिंत पक्की, पण वजिराशेजारचा उंट आपल्याच प्याद्यांमागं अडकतो. पांढऱ्यानं प्यादं पुढं रेटलं तर तो पार कोंडला जातो. घोड्यानं राखलं तर नुसता ताटकळतो. प्याद्यानं प्यादं मारलं तरच त्याची वाट सुटते. आबा त्याला घरचा उंट म्हणत. बाकी मोहऱ्यांचा रंग बोटांनी उडाला होता. याचं पॉलिश अजून चकाकत होतं.

"नागपूरच्या फोनला काय सांगितलंस?" ज्योतीनं विचारलं.

"काय सांगू? बसच्या सीटा शिवायला फोरमन पाहिजे त्यायला. आज सांजंपर्यंत कळवा म्हणे." त्यानं आतल्या पडद्याकडं पाहिलं. "आईला दिसत न्हाई, अन् ती फाटा सोडत न्हाई. आधी आबा व्हते म्हणून जाता आलं न्हाई. आता आबा न्हाईत म्हणून."

"जा तू. मी नांदेडला बदली घेते. हितून जाऊन-येऊन करीन."

"बँकेतली साहेबीण फाट्यावर ऱ्हायची? सीटा शिवतीस का मंग ट्रकवाल्यांच्या?" तो हसला.

"दुकानाला कुलूप लावता येतं, रत्ना."

तो हसायचा थांबला. ज्योतीनं प्याद्यानं त्याचं प्यादं मारलं.

"ह्ये काय करून राहिलीस?" रत्नपाल पटावर वाकला. "आबा म्हणायचे, यात खेळच राहत न्हाई. बराबरी व्हते."

"होऊ दे बराबरी."

त्यानं तिचं प्यादं मारलं. तिनं घोडा काढला. घरच्या उंटापुढची तिरकी वाट पटाच्या कडेपर्यंत मोकळी झाली होती.

रत्नपालचा हात पुढं झाला, थांबला. मग त्यानं उंट उचलला.

"हात लावलास," ज्योती म्हणाली. हात लावला की हलवायचंच, हा आबांचा नियम. "ठेव आता. कुठंबी ठेव."

तो उंट वरच धरून बसला. एकेका घरावर न्यायचा आणि न टेकवता मागं घ्यायचा. बाहेर पुण्याची गाडी आली, हॉर्न देत थांबली आणि गेली. ज्योती उठली नाही.

"रत्ना," आतून आईची हाक आली. "पाणी दे रे बाबा."

"आलो."

पडदा सारून तो आत गेला. पटावर उंटाचं घर रिकामं होतं. ज्योती त्या घराकडं बघत ऐकत राहिली. माठावरचं झाकण वाजलं. खाट करकरली.

"उठव मला. हात दे," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, चाचपत, "मुठीत काय हाय रे?"

"काई न्हाई, आई," रत्नपाल म्हणाला.