सही कुणाची?

"साहेब, तुमची बँक खोटं बोलते," मेंदीनं रंगलेलं बोट भिंतीवरच्या पोस्टरवर आपटत केतकीनं तोफ डागली. पोस्टरवरची मुलगी दात काढून सांगत होती, 'माझं खातं, माझीच सही!' खाली 'दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी' असंही छापलेलं. बाजारपेठेतल्या दोन बँका सोडून सोळा वर्षांची केतकी त्या सहीवर भाळून इथं खातं उघडायला आली होती. आणि साहेब म्हणत होते, सही वडिलांची लागेल.

अख्खी लग्नसराई नवरींच्या हातांवर मेंदी काढून तिनं हे पैसे जमवले होते. मागच्या वर्षीची तिची कमाई पप्पांच्या खात्यात गेली आणि त्यातून पप्पांच्या बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर बसला. तेव्हापासून गाडी सुरू झाली, की तिला आपलेच पैसे उडताना ऐकू येत.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "पोरंटोरं पैसे उधळतात. मोठ्या माणसाची सही असली, की काळजी नाही. फोन केलाय मी तुझ्या वडिलांना, येतीलच."

तेवढ्यात बाहेर असा काही धडाका झाला, की बँकेच्या काचा थरथरल्या. रांगेतल्या आजींनी कानांवर हात ठेवले. साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "कोण रे हा बिनडोक?"

"तुम्ही बोलावलेलं मोठं माणूस आलं," केतकी म्हणाली. "आता बोला साहेब, सही कुणाची घेताय?"