होमप्लेटवरची धडक

तिसरा बेस ओलांडून भाऊ सुटला, तेव्हाच पंच म्हणून उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीच्या लक्षात आलं की हा घसरत प्लेट गाठणार नाही. त्याने मुठी आवळल्या होत्या आणि त्याची नजर होमप्लेटवर नव्हतीच. ती कॅचरवर होती. प्लेटमागे चेंडू झेलणारा हा कॅचर म्हणजे तिचा नवरा.

रविवारच्या हौशी सॉफ्टबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. शेवटचा डाव, गुण बरोबरीत. ठरलेले पंच आजारी पडले आणि पंचाची परीक्षा पास झालेली ती एकटीच हाताशी होती. गॅरेजच्या संघात तिचा भाऊ वेल्डर, बेकरीच्या संघात नवरा व्हॅनचालक. 'एकीकडे माहेर, दुसरीकडे सासर, मग पक्षपात करणार कुठून?' असं म्हणत दोन्ही संघांनी हसत हसत तिला उभं केलं होतं.

लांबून चेंडू आला. नवऱ्याने तोंडावरची जाळी भिरकावून तो ग्लोव्हमध्ये घेतला आणि भाऊ त्याच्यावर आदळला. खांदा थेट जबड्यावर बसला. दोघे लोळत प्लेटपलीकडे गेले, चेंडू निसटला. भाऊ उठला नाही. नवऱ्याच्या छातीवर बसून त्याने त्याच्या तोंडावर ठोसे लगावायला सुरुवात केली. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे तो बाजूला झाला. मातीत एक दात पडला होता.

मग दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. कुणाचं नाक फुटलं, कुणी बॅट उगारली.

"चेंडू हातात नसताना वाट अडवली!" गॅरेजचा कप्तान ओरडत होता. "रन आमचाच!"

"चेंडू हातात होता! मुद्दाम मारलंय त्याने!" बेकरीवाले ओरडले.

भांडण तेवढ्यावरच होतं. चेंडू नसताना कॅचर आडवा आला असेल तर धावणारा सुरक्षित, आणि सामना गॅरेजचा. चेंडू हातात असताना मुद्दाम धडक दिली असेल तर चेंडू सुटला तरी धावणारा बाद, वर मैदानाबाहेर. आधी चेंडू की आधी धडक? एवढ्या धुळीत ते फक्त तिला दिसलं होतं.

भाऊ धापा टाकत तिच्याजवळ आला. "ताई, चेंडू आला नव्हता म्हण," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणी पाहिलंय?"

तो आणखी जवळ सरकला.

"त्याने तुझी बरगडी मोडली. मी नुसता दात पाडला."

हे त्याला सकाळीच कळलं होतं. तिच्या छातीवरचं पॅड बांधून देताना त्याने पट्टा आवळला आणि ती किंचाळली. शेजाऱ्यांना तिने न्हाणीघरात पाय घसरला असं सांगितलं होतं. भावाला ते सांगता आलं नाही.

तिने उजवी मूठ वर केली.

"बाद. चेंडू आधी आला होता. धडक मुद्दाम होती. मैदानाबाहेर हो."

गॅरेजवाल्यांकडून एक हेल्मेट भिरभिरत आलं आणि तिच्या नडगीवर आपटलं. ती लंगडली, पण मूठ खाली आली नाही. भावाचा चेहरा पांढरा पडला होता.

"अजून त्याचीच बाजू घेतेस?"

नवरा उठला. ओठांवरून रक्त ओघळत होतं, तरी तो हसत होता. त्याने तिच्या गळ्यात हात टाकला आणि तिला जवळ ओढलं. "बघितलंत ना? बायको कुणाची शेवटी!"

तिने त्याचा हात गळ्यातून काढला. पॅडचे पट्टे सोडले. पॅड खाली ठेवताना तिला बाकावर टेकावं लागलं, श्वास पुरत नव्हता. मग बेकरीच्या कप्तानाला ती म्हणाली, "पुढचा पंच शोधा."

भाऊ एकटाच फाटकाकडे निघाला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. लंगडत लंगडत तिने त्याला गाठलं.

"गाडी काढ. आधी पोलिसांकडे, बरगडीची तक्रार द्यायची. मग आईकडे," ती म्हणाली. "सामान नंतर आणू."