जीपच्या किल्लीतला बिल्ला

दौलत बारसागडेनं जीपवाल्याची मान दारावर दाबून धरली होती. भंडाऱ्यात तीस वर्षं पितळ ठोकलेल्या त्या हातांना कसलीच घाई नव्हती.

"काका, बिल्लाच पायजे ना? घ्या की! म्हणाल तर अख्खी जीप घ्या!" जीपवाला अजून हसत होता.

त्याच्या किल्लीला लटकलेला पत्र्याचा बिल्ला दौलतच्या मेलेल्या पोराचा होता. डोंगरात दडवलेल्या डब्या शोधायच्या, एकीतला बिल्ला दुसरीत न्यायचा आणि त्याचा नंबर इंटरनेटवर टाकायचा, असला पोराचा खेळ. दोन वर्षांपूर्वी पोरगा इथल्या दरीत पडला. पोलीस म्हणाले, जागीच गेला. तेवढ्याच आधारावर दौलत रात्री झोपत आला होता. गळ्यातला बिल्ला मात्र सापडला नव्हता. परवा जीपमध्ये तो बघून हाच खेळ खेळणाऱ्या कुणा प्रवाशानं नंबर टाकला, आणि इंटरनेटवर तो दिसताच बाप आठशे किलोमीटर आला.

"कुठं मिळाला?" दौलतनं त्याचं थोबाड पत्र्यावर आपटलं. हसू गेलं, सोबत दोन दात गेले.

"त्याच्या गळ्यातनं काढला! साखळी चांदीची वाटली. मी नाय ढकलला, आईशप्पत!"

"मेला होता?"

"नाय... पाणी मागत होता."

"दिलंस?"

जीपवाला मान सोडवायला धडपडू लागला. दौलतनं सीटवरची पाण्याची बाटली ओढली, त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि बाटली रक्ताळल्या तोंडात घशापर्यंत कोंबली.

"पी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं त्याचं नाक चिमटीत घट्ट दाबलं.