गावाकडचे
सेहेचाळीस साली सांगलीच्या फ्रेंच मंडळाने एक फ्रेंच सिनेमा आणला. पडद्याशेजारी उभी राहून ती संवाद मराठीत सांगणार, म्हणून तिचे वडील, आबा, पलूसहून पटका बांधून आले. पहिल्या महायुद्धात त्यांची पलटण फ्रान्समधल्या शेतकऱ्यांकडे उतरली, तेव्हा उचललेली भाषा त्यांनीच तिला बांधावर शिकवली होती. “हे कोण?” मंडळाच्या चिटणिसांनी विचारलं. “गावाकडचे आहेत,” ती म्हणाली. आबा मागे जाऊन बसले. मध्येच एका संवादावर ती अडली. मागून त्यांनीच अर्थ सांगितला. “वा, पाटील पॅरिसचे दिसतात!” चिटणीस म्हणाले. सगळे हसले, तीही. “झ्याक सांगितलंस पोरी,” निघताना आबा म्हणाले. “जातो, उसाला पाणी द्यायचं हाय.” पहाटे पाटाशीच त्यांनी प्राण सोडला. पुढच्या सिनेमाला चिटणिसांनी सांगितलं, “आमच्या बाई फ्रेंच पुण्यात शिकल्या.” “नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशी आपण ज्यांना हसलो, ते माझे आबा. मी त्यांच्याकडेच शिकले.”