दांड्यावरचं चिन्ह

झोलिंगेनच्या संग्रहालयाला युद्धात मेलेल्या पोरांची नावं भिंतीवर लावून त्यांच्या वस्तू मांडायच्या होत्या, म्हणून रोझविता भावाची हिटलर युवा दलातली सुरी तिथल्या पारख्याकडे घेऊन आली. गेऱ्हार्ट सोळाव्या वर्षी आघाडीवर गेला, तो परतलाच नाही. युद्ध संपून सात वर्षं झाल्यावर एवाल्ड नावाचा तरुण ही सुरी घेऊन दारात उभा राहिला. "माझ्या मांडीवर प्राण सोडताना त्यानं ही कमरेची काढून दिली," म्हणाला. त्या दिवशी आईनं लेकाचा शोध थांबवला, आणि पुढच्या वर्षी एवाल्डला जावई करून घेतलं.

पारख्यानं दांड्यावरचं स्वस्तिकाचं चिन्ह हलकेच उचकटलं. खाली लिलीच्या फुलाच्या आकाराची खाच होती.

"बाई, ही युद्धानंतरच्या स्काउट पोरांची सुरी. त्यांचं फुलाचं चिन्ह काढून वर हे चिकटवलंय. छान गंडवलं कुणीतरी तुम्हाला."

"तुमची चूक तर होत नाही ना?"

"सुऱ्या बनवणाऱ्या या झोलिंगेनमध्ये राहून सुरी ओळखता आली नाही, तर मी ब्रेडसुद्धा कापायला घेऊ नये."

ती बाहेर आली.

गाडीची काच खाली करून एवाल्डनं विचारलं, "काय गं, लावणार ना भिंतीवर आपल्या गेऱ्हार्टचं नाव?"